चांदीचे जुने रुपये: आधी वजन, मग साल

पिशवी फोंडा तालुक्यातल्या एका घरची. जुन्या कपाटात खणाच्या कापडात बांधून ठेवलेली, आणि वाटणीच्या आधी तिची किंमत ठरवायची होती. अशा पिशव्या गोव्यात बऱ्याच घरांत निघतात आणि आतला मालही साधारण सारखाच असतो. बहुतेक ब्रिटिश रुपये, थोडे पोर्तुगीज रुपये, आफ्रिकेतून आलेली शिलिंगं आणि चांदीची नसलेली काही पांढरी नाणी. घरच्यांनी प्रत्येक नाण्याचं साल वहीत उतरवून ठेवलं होतं, मोबाइलवर 'लाखाला विकलं गेलेलं नाणं'ही शोधून झालं होतं. वही आम्ही बाजूला ठेवली. साल सगळ्यात शेवटी बघायचं असतं. त्याआधी वजन, आणि वजनानंतर कस.

वजनाला 0.01 ग्रॅमपर्यंत दाखवणारा काटा लागतो. स्वयंपाकघरातला एक ग्रॅमच्या टप्प्याचा काटा इथे कुचकामी. ब्रिटिश रुपया पाडताना 180 ग्रेनचा, म्हणजे बरोबर एक तोळा, 11.66 ग्रॅम. अधेली 5.83, पावली 2.92, चवली 1.46. वापरून गुळगुळीत झालेला रुपया 11.3 ते 11.6 मध्ये कुठेही भरतो. व्हिक्टोरिया राणीचे केस झिजून सपाट झालेत आणि वजन 11.35 आहे, तर त्यात काही वावगं नाही. केसाची बट न् बट दिसते आणि वजन मात्र 11.1, असं असेल तर नाणं वेगळं काढायचं. वजन 11.75 च्या वर गेलं तरीही तेच.

वजनाच्या आधी सगळी नाणी चुंबकावरून फिरवली. 1947 चे वाघाचे रुपये आणि 1964 चा नेहरूंचा रुपया निकेलचे आहेत, निकेल चुंबकाला चिकटतं, त्यामुळे ते लगेच बाजूला होतात. पण चुंबकाला न चिकटणं हा चांदीचा पुरावा नव्हे. तांबं, पितळ, शिसं, कथील, तांबं-निकेलची मिश्र धातू, यातलं काहीच चिकटत नाही.

खरी परीक्षा पाण्याची. काट्यावर पाण्याचा पेला ठेवून काटा शून्यावर आणायचा. नाणं शिवणकामाच्या बारीक दोऱ्यात अडकवून पूर्ण बुडवायचं, पण तळाला किंवा कडेला टेकू द्यायचं नाही. काटा आता जो आकडा दाखवतो तेवढे घनसेंटिमीटर नाण्याचं आकारमान. 11.66 ग्रॅमच्या आणि 917 कसाच्या (हजारात 917 भाग चांदी) रुपयाला हा आकडा 1.13 च्या आसपास येतो. त्याच वजनाच्या तांब्याच्या तुकड्याला 1.30 येतो. युद्धकाळातल्या 50 टक्के चांदीच्या रुपयाला 1.22. फरक शतांश ग्रॅमांत असल्यामुळे दोन गोष्टी हिशोब बिघडवतात: नाण्याला चिकटलेले हवेचे बुडबुडे आणि जाड दोरा. पाण्यात भांडी घासायच्या साबणाचा एक थेंब टाकला की बुडबुडे धरत नाहीत. कडी डाकलेल्या नाण्याला ही परीक्षा लावू नका. डाकाची धातू वेगळी असते.

हॉलमार्किंग केंद्रातलं एक्सआरएफ (क्ष-किरणांनी धातू ओळखणारं) यंत्र पाच मिनिटांत कस सांगतं, आणि बरेच जण तेवढ्यावर थांबतात. ते यंत्र नाण्याचा फक्त वरचा पापुद्रा वाचतं. तांब्यावर चांदीचा जाड मुलामा असेल तर मुलाम्याचाच कस दिसतो. 50 टक्क्यांच्या खऱ्या नाण्यातही पृष्ठभागावरचं तांबं निघून गेलेलं असतं, म्हणून आकडा खऱ्यापेक्षा चढा येतो. यंत्राचा कागद घ्या, पण पाण्याच्या आकड्याशी ताडून बघा.

आता कस. 1835 च्या विल्यम राजाच्या रुपयापासून 1939 पर्यंतचे ब्रिटिश रुपये 917 कसाचे, म्हणजे बारा भागांत अकरा भाग चांदी. शुद्ध चांदी 10.69 ग्रॅम. 1940 पासून 1945 पर्यंतचा सहाव्या जॉर्जचा रुपया त्याच वजनाचा आणि त्याच आकाराचा, पण चांदी निम्मी: 50 टक्के चांदी, 40 टक्के तांबं, 5 निकेल, 5 जस्त. शुद्ध चांदी 5.83 ग्रॅम. हा रुपया कडेवरून ओळखू येतो. रेघांच्या मधून एक खोबण जाते आणि तिच्यात नक्षी असते. जुन्या रुपयाच्या कडेला नुसत्या सरळ रेघा. 917 कसाचे जुने रुपये 1941 ते 1943 च्या दरम्यान सरकारने टप्प्याटप्प्याने चलनातून काढून घेतले. लोकांनी चांगले रुपये घरात ठेवले आणि निम्म्या चांदीचे बाजारात चालवले. आजच्या पिशव्यांत राणीचे आणि पाचव्या जॉर्जचे रुपये जास्त निघतात ते त्यामुळेच.

गोव्यातला भाग इथून वेगळा होतो. 1880 च्या सुमारास ब्रिटिशांशी झालेल्या कराराने पोर्तुगीज रुपया ब्रिटिश रुपयाच्याच वजनाचा आणि कसाचा झाला. 'इंडिया पोर्तुगेझा', 'उमा रुपिया' असं लिहिलेले 1881 आणि 1882 चे दों लुईश राजाचे रुपये, 1903-04 चे दों कार्लुश राजाचे आणि 1912 चे गणराज्याचे, या सगळ्यांत 10.69 ग्रॅम चांदी. 1935 चा रुपया 12 ग्रॅमचा, कस तोच, चांदी 11 ग्रॅम. 1947 चा रुपयाही 12 ग्रॅमचा, पण चांदी निम्मी, 6 ग्रॅम. 1952 चा तांबं-निकेलचा, चांदी शून्य. 1958 पासूनचे इश्कूद (रुपयाच्या जागी आलेली पोर्तुगीज नाणी), अगदी सहा इश्कूदचं मोठं नाणंसुद्धा, तांबं-निकेलचेच. हे नाणं 'पोर्तुगालचं चांदीचं' म्हणून कितीतरी घरांत जपून ठेवलेलं असतं. उलट, लिस्बनहून आलेले 1932 ते 1951 मधले पाच इश्कूद खरोखर चांदीचे असतात, 7 ग्रॅमचे आणि 650 कसाचे, आणि लोक ते चिल्लर म्हणून मुलांना खेळायला देतात.

1880 च्या आधीची, गोव्याच्याच टांकसाळीत पाडलेली नाणी निघाली तर ती धातूच्या ढिगात टाकायची नाहीत. ती अकरा ग्रॅमच्या आत भरतात, छाप सरकलेला असतो, कड वाकडी असते, म्हणून शेटला, म्हणजे सोनाराला, ती 'खराब' वाटतात. त्यांची किंमत वजनावर ठरतच नाही.

आफ्रिकेतल्या शिलिंगांनी बहुतेक घरांची निराशा होते. ब्रिटिश पूर्व आफ्रिकेचं 1921 ते 1946 मधलं सिंहाचं शिलिंग 7.78 ग्रॅमचं आहे, पण कस फक्त 250. चांदी दोन ग्रॅमच्या आत. एवढ्या कमी कसाची चांदी शुद्ध करायचा खर्चच जास्त म्हणून गाळणारे ती घ्यायला तयार नसतात. नाणं म्हणून दुसऱ्या महायुद्धाआधीची चांगल्या अवस्थेतली शिलिंगं संग्राहक घेतात, बाकीची आठवण म्हणून ठेवा.

ढीग कसाप्रमाणे वेगळे झाले की मगच सोनाराकडे जायचं, आणि विकायला नाही, आधी भाव विचारायला. हिशोब सोपा व्हावा म्हणून इथे शुद्ध चांदीचा भाव ग्रॅमला 100 रुपये धरतो. आजचा भाव ज्याने त्याने घालून घ्यावा. 917 चा रुपया 1,069 रुपयांचा होतो, 1940 नंतरचा 583 चा, 1935 चा पोर्तुगीज 1,100 चा. शेटने पिशवी हातात तोलली आणि सगळ्यांना मिळून एक भाव सांगितला. टंच, म्हणजे शंभरात किती भाग चांदी, तो सांगितला नाही.

"शेट, टंच कितीचा धरलात?"

"पंच्याऐंशी. जुना माल म्हटल्यावर पंच्याऐंशीच धरतात सगळे."

"राणीचा रुपया एक्क्याण्णव सहाचा आहे. आणि हे जॉर्जचे वेगळे ठेवलेत, ते पन्नासचे."

"मग गाळून बघूया."

या उत्तराला मान डोलवायची नाही. 85 टंच धरला तर 11.66 ग्रॅमच्या रुपयात 9.91 ग्रॅम चांदी मोजली जाते, म्हणजे नाण्यामागे 0.78 ग्रॅमचा तोटा. शंभर नाण्यांना 78 ग्रॅम, आपल्या धरलेल्या भावाने 7,800 रुपये. उलट 50 टक्क्यांचे रुपये त्याच ढिगात 85 ने गेले तर तोटा शेटचा, आणि तो हे ओळखून असतो, म्हणून मिसळलेल्या ढिगाला कधीच चांगला भाव येत नाही. गाळायचंच असेल तर एकाच कसाची, पूर्ण झिजलेली, डाकलेली, भोकं पाडलेली नाणीच द्यायची, गाळताना समोर उभं राहायचं आणि लगडीचा तुकडा तपासून घ्यायचा. भाव विचारताना तीन गोष्टी कागदावर लिहून घ्या: टंच किती, भाव शुद्ध चांदीचा की मोडीचा, घट किती. टंच बरोबर सांगून मोडीचा भाव लावणारे भेटतात, आणि तोंडी व्यवहारात हे दोन्ही एकमेकांत मिसळतात.

शेटकडून आल्यावर 917 च्या ढिगाकडे दहापट भिंगातून बघायचं. इथे पहिल्यांदा साल कामाला येतं. 1862 साल असलेला राणीचा रुपया प्रत्यक्षात 1874 पर्यंत पाडला जात होता. साल तेच ठेवून टांकसाळीने ठिपके वाढवले. म्हणून '1862 चं आहे, जुनं आहे' याला अर्थ नाही, ठिपके मोजावे लागतात. 1911 च्या पाचव्या जॉर्जच्या रुपयावर राजाच्या झग्यावरचा हत्ती डुकरासारखा दिसतो अशी ओरड झाली, बरेच रुपये परत वितळवले गेले आणि 1912 ला हत्ती नव्याने कोरला. 1911 चा रुपया त्यामुळे सामान्य रुपयापेक्षा महाग, पण तो इतकाही दुर्मिळ नाही की घर चालेल. खरा दुर्मिळ 1939 चा. त्याच्या नकला 1938 चा 8 घासून 9 करून होतात, म्हणून 9 च्या पोटात आणि शेपटीत धातू खरवडल्याच्या खुणा भिंगाने शोधायच्या. टांकसाळीची खूणही बघा: पाचव्या जॉर्जच्या रुपयावर कमळाखाली ठिपका असेल तर मुंबई, नसेल तर कोलकाता. एकाच सालाच्या दोन टांकसाळींच्या भावात फरक पडतो.

पण सालाहूनही जास्त फरक अवस्थेने पडतो, आणि गोव्यात अवस्था बिघडवायची दोन मोठी कारणं आहेत. एक लक्ष्मीपूजन. दरवर्षी त्याच नाण्याला हळद-कुंकू, मग चिंचेने किंवा रांगोळीने घासून लखलखीत करणं. या पिशवीतला 1901 चा एक रुपया डोळ्यांना सगळ्यांत सुंदर दिसत होता. दिव्याखाली तिरका धरला तर राणीच्या गालावर एकाच दिशेच्या शेकडो बारीक रेघा, नाकाचं टोक सपाट, आणि अक्षरांच्या खाचांत लाल कुंकू. शेजारचा 1888 चा रुपया काळपट, निळसर झाक आलेला, कोणी न घासलेला. संग्राहक दुसरा उचलतो आणि पहिल्याला धातूचाच भाव देतो. काळेपणा हा गंधकाशी झालेल्या संयोगाचा पातळ थर असतो, तो नाण्याला खात नाही. घासणं मात्र नाण्याची वरची धातूच काढतं. म्हणून टूथपेस्ट, राख, चिंच, अॅल्युमिनियमचा कागद आणि खाण्याचा सोडा, यातलं काही नको. कुंकू काढायचंच असेल तर शुद्ध केलेल्या पाण्यात तासभर भिजवून, न चोळता, मऊ कापडावर टिपून घ्यायचं. राहिलं तर राहू द्या.

दुसरं कारण पावसाळा. वर्तमानपत्रात गुंडाळून, रबर लावून ठेवलेली नाणी सगळ्यांत वाईट निघतात; रबरात गंधक असतो आणि रबराची पट्टी नाण्यावर काळी उमटते ती कायमची. मऊ प्लास्टिकच्या अल्बमचंही तसंच. पीव्हीसीच्या खिशात दमट हवेत हिरवट चिकट थर धरतो आणि तो 917 मधल्या तांब्याला धरून खोल जातो. ताजा असेल तर शुद्ध अॅसिटोनमध्ये बुडवून निघतो, नखपॉलिश काढायच्या द्रवाने नाही, त्यात तेलं-सुगंध असतात. ठेवायला कडक प्लास्टिकच्या गोल डब्या किंवा मायलरच्या चौकोनी पट्ट्या, त्या हवाबंद डब्यात, आणि बरोबर सिलिका जेल. जेल गुलाबी झालं की तापवून निळं करायचं. जूनपासून सप्टेंबरपर्यंत हे करावंच लागतं. बँकेच्या लॉकरमध्येही ओल असते.

डाकलेल्या कड्यांचं सांगायला हवं, कारण रुपयांच्या माळा आपल्याकडे हौसेने केल्या गेल्या. कडी काढून जागा घासून विकायला आणलेली नाणी बाजारात येतात. कडेच्या रेघा एका जागी तुटलेल्या किंवा नव्याने कोरलेल्या दिसल्या की समजायचं. असं नाणं कितीही दुर्मिळ सालाचं असलं तरी किंमत फार खाली येते. आणि माळ अख्खी असेल तर ती मोडू नका. जुन्या घडणीची अख्खी माळ सुट्या नाण्यांपेक्षा जास्त किमतीला जाते.

एवढं झाल्यावर पिशवीचे दोन भाग होतात. मोठा भाग, जो फक्त चांदी आहे, आणि छोटा, ज्याला नाणं म्हणून किंमत आहे. गुंतवणुकीचा हिशोब दोघांचा वेगळा आणि तो एकाच वहीत मांडला की फसगत होते.

चांदीच्या भावाचा इतिहास सरळ चढणीचा नाही. 1980 च्या जानेवारीत अमेरिकेतल्या हंट बंधूंच्या साठेबाजीने औंसाला 50 डॉलरच्या जवळ भाव गेला आणि दोन महिन्यांत कोसळला. नव्वदच्या दशकात तो बराच काळ 5 डॉलरच्या आसपास रेंगाळला. 50 च्या जवळची पातळी परत दिसली ती 2011 च्या एप्रिलमध्ये, आणि 50 ची पातळी पक्की ओलांडली गेली 2025 च्या ऑक्टोबरमध्ये. डॉलरात बघणाऱ्याला शिखरावर घेतलेल्या चांदीने पंचेचाळीस वर्षं काही दिलं नाही. आपल्याला वेगळं वाटतं, कारण त्याच काळात डॉलर सुमारे 8 रुपयांवरून 88 वर गेला. रुपयातली अकरापट वाढ, म्हणजे वर्षाला साडेपाच टक्क्यांच्या आत, ती चांदीची नाही, रुपया घसरल्याची आहे. भारतातही 2011 ला किलोला 70 हजारांच्या वर गेलेला भाव 2015 च्या अखेरीला निम्म्यावर होता. आणि सरकारी कागदानेही भाव हलतो: 23 जुलै 2024 च्या अर्थसंकल्पात आयात शुल्क 15 टक्क्यांवरून 6 वर आलं आणि त्याच दिवशी इथला भाव पडला.

1969 चं गांधी शताब्दीचं दहा रुपयांचं नाणं मोजायला सोपं आहे. 15 ग्रॅम, 800 कस, शुद्ध चांदी 12 ग्रॅम. दर्शनी किमतीला घेऊन ठेवलं असेल तर 100 च्या भावाने 1,200 रुपये, 120 पट. ऐकायला मोठं वाटतं. 2025 पर्यंतच्या 56 वर्षांवर पसरवलं की चक्रवाढीने वर्षाला 9 टक्क्यांच्या आत येतं. बँकेच्या मुदत ठेवीने या काळात बरीच वर्षं तेवढं दिलं.

आज नव्याने घेणाऱ्याला तर दर्शनी किंमत मिळतच नाही. समजा, धरलेल्या भावाने 1,069 रुपयांची चांदी असलेला सामान्य राणीचा रुपया किनाऱ्यावरच्या बाजारात किंवा ऑनलाइन 1,500 ला सांगितला. विकताना धातूच्या 95 टक्के मिळाले, आणि ते चांगलं झालं म्हणायचं, तर हातात 1,015. मुद्दल सुटायलाच चांदी 48 टक्के वाढायला हवी. फक्त चांदी हवी असेल तर सामान्य जुनी नाणी हा महागडा मार्ग आहे. त्याच बाजारात पर्यटकांसाठी ओतीव नकली नाणीही असतात. दाणेदार पृष्ठभाग, गोलसर अक्षरं आणि कडेवर साच्याची शिवण ही त्यांची ओळख.

छोट्या भागाचं गणित दुर्मिळता, अवस्था आणि त्या वेळी किती संग्राहक मागे आहेत यावर चालतं. चांदी निम्म्यावर आली तरी 1939 चा रुपया निम्म्यावर येत नाही. पण तो विकायला लिलावच हवा, तिथे विकणाऱ्याचं कमिशन जातं आणि पैसे यायला महिने लागतात. गोव्यात यासाठी खरेदीदार थोडे. मुंबईचे लिलाव बघावे लागतात. घराबाहेर नाणी पाठवण्याआधी दोन्ही बाजूंचे आणि कडेचे फोटो, वजनासह, काढून ठेवा.

लिस्बनला किंवा लंडनला असलेल्या भावाकडे त्याचा वाटा पाठवणं इथे घरोघरी सुचतं. 1972 च्या पुरावशेष कायद्याने शंभर वर्षांपेक्षा जुनं नाणं पुरावशेष ठरतं आणि खासगी व्यक्तीला ते देशाबाहेर नेता येत नाही. 1881 चा रुपया खिशातून दाबोळी किंवा मोपा विमानतळावरून नेणं हा त्याच कायद्याखाली गुन्हा आहे. परदेशातल्याचा वाटा पैशात द्या आणि नाणी इथे राहू द्या.

वाटणीआधी विकण्याची घाईही नको. इन्व्हेंटरी (वाटणीची कोर्टातली कारवाई) चालू असेल तर काबेसा द कझालने (मालमत्ता सांभाळणाऱ्या कुटुंबप्रमुखाने) जंगम मालमत्तेत नाणी दाखवावी लागतात, आणि सामाईक मालमत्तेच्या पद्धतीत मागे राहिलेल्या जोडीदाराचा अर्धा हिस्सा आधीच वेगळा असतो. यादीत 'जुनी नाणी, एक पिशवी' असं लिहिणं हे पुढच्या भांडणाचं मूळ. कस, संख्या, एकूण शुद्ध चांदी आणि वेगळ्या काढलेल्या नाण्यांची साल-टांकसाळवार यादी, असं लिहिलं की वाटे वजनाने पाडता येतात आणि दुर्मिळ नाणी ज्याला हवीत त्याच्याकडे किमतीने जातात.

राहिला कर. देव्हाऱ्यातली नाणी घरगुती वस्तू, त्यावर कर नाही, असं सर्रास सांगतात. 1976 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने नेमक्या लक्ष्मीपूजनाला वापरलेल्या चांदीच्या नाण्यांबद्दल ती वैयक्तिक वापराची वस्तू ठरत नाहीत असा निकाल दिला आहे. दोन वर्षांपेक्षा जास्त काळ घरात असलेली चांदी विकली की नफ्यावर 12.5 टक्के कर आणि त्यावर उपकर, आणि वारशाने आलेली असेल तर आधीच्या मालकाचा काळही धरला जातो. नाणी 1 एप्रिल 2001 च्या आधीपासून घरात असतील तर त्या दिवसाचा बाजारभाव खरेदी किंमत म्हणून धरता येतो. तेव्हा चांदी किलोला सात-साडेसात हजारांच्या घरात होती, म्हणजे 917 च्या रुपयात 80 रुपयांच्या आसपासची चांदी. धरलेल्या भावाने 1,069 ला विकला तर नफा सुमारे 989 आणि कर उपकरासह 129 रुपये. नाणी थोडी असतील तर हा हिशोब घरी होतो. किलोने असतील किंवा त्यात दुर्मिळ नाणी असतील तर 2001 चं मूल्यांकन नोंदणीकृत मूल्यांककाकडून लेखी करून घ्यावं. विक्रीचे पैसे खात्यातच घ्या. एकाच व्यवहारात दोन लाख किंवा त्याहून जास्त रोख घेणं कायद्याने मना आहे, आणि त्याचा दंड घेणाऱ्यावर, म्हणजे विकणाऱ्यावर, घेतलेल्या रकमेइतकाच बसतो.